पाणी आहे, वारा नाही

परळीहून बीडकडे निघालं की सिरसाळा लागतं, मग दिंद्रुड, मग तेलगाव. साखर हंगामात या पट्ट्यात गाडीचा वेग चालकाच्या हातात राहत नाही. तेलगावला सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. गाळप सुरू झालं की आसपासच्या गावांचा ऊस दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांवर, ट्रकांवर, बैलांच्या टायरगाड्यांवर त्या दिशेनं सरकू लागतो. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला असतो, त्यामुळे ओलांडायला जावं तर समोरचं काही दिसत नाही. निमूट मागे राहायचं. ताशी दहा, फार तर बारा किलोमीटर.

मार्चमधल्या एका दुपारी मी असाच मागे राहिलो होतो. सिरसाळ्यापर्यंत मधोमध शांत बसलेला तापमानाचा काटा दिंद्रुड जवळ येईपर्यंत लाल पट्टीला टेकला. एसीतून आधी कोमट, मग चक्क गरम हवा यायला लागली. बोनेटच्या फटीतून गोडसर वास आला. हा वास ओळखीचा करून घ्यावा, तो उकळणाऱ्या कूलंटचा असतो. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, बाहेर उभा केलेला एक नांगर आणि दोन मोटारसायकली दिसल्या, तिथं गाडी घातली.

मिस्त्री हात पुसत आला. मी सवयीनं पाढा सुरू केला: थर्मोस्टॅट बदललाय, वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, नवीन आहे, कूलंट दोनदा बदललं, मागच्याच महिन्यात एसीचा गॅस भरला. हे सगळं शहरातल्या एका गॅरेजनं केलं होतं आणि त्याची बिलं डॅशबोर्डच्या कप्प्यात होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बोनेटला हात न लावता विचारलं,

"कव्हा तापती? पळताना का उभी ऱ्हायल्यावर?"

"उभी राहिल्यावर. हळू चालवली की."

"आन् एसी?"

"तोही तेव्हाच गरम हवा फेकतो. रस्ता मोकळा मिळाला की दोन्ही ठीक."

"मग पान्याचं काई नाही, मामा. वाऱ्याचं हाय."

गाडी किती तापली हे काटा सांगतोच. ती कधी तापते, हे फक्त चालकाला माहीत असतं, आणि नेमकं तेच सहसा कुणी विचारत नाही. मला तीन महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.

आता मिस्त्रीच्या त्या एका वाक्यामागचं गणित पाहू, कारण ते वरवर उलटं वाटतं. वेगात इंजिन जास्त मेहनत करतं, मग ते तेव्हाच जास्त तापायला हवं. आणि ते खरोखरच तेव्हा जास्त उष्णता निर्माण करतं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, विजेच्या बिलावरचे असतात तेच युनिट. त्यातला पाव ते तिसरा हिस्सा चाकं फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यातला मोठा भाग सायलेन्सरवाटे धुराबरोबर जातो आणि ढोबळमानानं एकूण ऊर्जेचा एक तृतीयांश इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. ताशी ८० किलोमीटरनं धावणारी, लिटरला १६ चा ॲव्हरेज देणारी गाडी तासाला ५ लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे ४५ युनिट. त्यातले १५ युनिट पाण्यात. घरातला २ किलोवॉटचा गिझर डोळ्यांसमोर आणा. असे सात गिझर एकाच वेळी त्या चार-सहा लिटर पाण्याला तापवत आहेत. तरी काटा हलत नाही.

हीच गाडी ट्रॅक्टरच्या मागे जवळजवळ जागेवर गुरगुरत असते तेव्हा तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल खाते. पाण्यात उतरणारी उष्णता सव्वा-एक गिझरची. आणि आता काटा लाल पट्टीत.

सात गिझर पचवणारी गाडी एका गिझरला हरते, याचा अर्थ उष्णता जास्त झालेली नाही, तिची बाहेर जायची वाट बंद झालेली आहे. ताशी ८० नं धावताना समोरच्या जाळीवर सेकंदाला २२ मीटर वेगानं हवा आदळते. ती फुकटची असते. ताशी दहाला हाच आकडा तीन मीटरच्या आत येतो, आणि वारा पाठीमागून असेल तर शून्यावर. तिथून पुढे गाडीचा सगळा भार रेडिएटरच्या मागे बसवलेल्या एका पंख्यावर येतो. तो फिरला नाही तर रेडिएटर म्हणजे पाण्यानं भरलेली नुसती पेटी.

यात आपला उन्हाळा भर घालतो. रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल हे त्यातल्या पाण्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंश असेल तर फरक ७०. मराठवाड्यातल्या मे महिन्यात हवा ४३ वर गेली की फरक उरतो ५२, म्हणजे रेडिएटरची ताकद चौथाईनं कमी. शिवाय तापलेलं डांबर, पुढच्या वाहनाचा धूर आणि रेडिएटरच्या अगदी पुढ्यात बसलेली एसीची जाळी. ती जाळी गाडीच्या आतली उष्णता बाहेर टाकते, आणि टाकते ती नेमकी रेडिएटरच्या तोंडावर. तिथली हवा ५५ अंशांवर गेली तर फरक ४०. रेडिएटर तोच, पाणी तेच, पण ताकद जवळपास निम्मी. म्हणूनच डिसेंबरात चालून गेलेला अर्धमेला पंखा मार्चमध्ये उघडा पडतो.

पंखा पूर्ण बंद असेल तर किती वेळ मिळतो? इंजिनाचं लोखंड-ॲल्युमिनियम आणि आतलं पाणी मिळून तापायला वेळ घेतात. माझा अगदी ढोबळ हिशेब मिनिटाला दोनेक अंशांचा निघतो. ९० वरून १२० वर जायला पंधरा मिनिटं. उसाच्या ट्रॉलीमागे पंधरा मिनिटं काढणं म्हणजे काहीच नाही.

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत रेडिएटर नव्हताच. पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि त्याबरोबर उष्णता. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभरेक किलोमीटर, तशाच गाडीनं गेली. वाटेत तिला पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. आपल्याकडच्या जुन्या जीपवाल्यांना हे सांगितलं तर ते हसतील, कारण मागच्या सीटखाली पाण्याचा कॅन हा त्यांच्याही संसाराचा भागच होता. उपाय निघाला १९०० च्या शेवटी. विल्हेल्म मायबाख यानं पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला: ६ बाय ६ मिलिमीटरच्या ८०७० बारीक नळ्या, ज्यांतून हवा आरपार जायची. आणि त्यामागे त्यानं एक छोटा पंखा बसवला, गाडी हळू चालते तेव्हासाठी. दिंद्रुडच्या रस्त्यावर माझ्या गाडीत जे बिघडलं होतं, ते यंत्र सव्वाशे वर्षांपूर्वी याच अडचणीसाठी जन्माला आलं.

आता पंख्याकडे. पंखे दोन जातींचे. जुन्या जीप, ट्रॅक्टर, मोठ्या डिझेल गाड्यांत तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. आजच्या बहुतेक मोटारींत तो विजेच्या मोटरवर चालतो आणि पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की, साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास, आपोआप सुरू होतो. त्याच्या पाठीशी एक साखळी असते: पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर, त्याचा निरोप घेणारा संगणक किंवा स्विच, मग रिले, फ्यूज, वायर आणि शेवटी मोटर. यातली कुठलीही एक कडी सुटली की परिणाम एकच.

कोणती कडी सुटली हे शोधायचा मिस्त्रीचा मार्ग पाहण्यासारखा होता. इंजिन थोडं निवल्यावर त्यानं मला गाडी सुरू करून एसी लावायला सांगितला. एसी लावला की काही क्षणांत पंखा फिरलाच पाहिजे, कारण पुढच्या जाळीलाही तोच पंखा वारा घालतो. फिरला असता तर मोटर, रिले, फ्यूज सगळं ठीक, आणि दोष सेन्सरकडे. एका बटणात निम्मा तपास संपतो. माझा फिरला नाही. आता एसीही उभ्या गाडीत गरम हवा का फेकत होता हे कळलं असेल. दोन तक्रारी, कारण एक. मी मात्र एसीसाठी वेगळा खर्च करून गॅस भरून मोकळा झालो होतो.

मग त्यानं फ्यूज काढून उजेडात धरला. शाबूत. पंख्याचा रिले काढून त्याजागी हॉर्नचा घातला; बऱ्याच गाड्यांत हे दोन्ही एकाच जातीचे असतात, फक्त वरचा नंबर जुळतो का ते बघून घ्यायचं. तरी पंखा ढिम्म. मोटरचं सॉकेट सोडवून त्यात टेस्ट लॅम्प लावला, तर तो लख्ख पेटला. वीज दारापर्यंत येत होती, घरात कुणी घेत नव्हतं. सॉकेट परत जोडून त्यानं लांब पान्याच्या मुठीनं मोटरच्या पाठीवर दोन टोले दिले. पंखा कण्हत कण्हत फिरला.

मोटरच्या आतले कार्बन झिजले की असं होतं. ते कधी टेकतात, कधी टेकत नाहीत. म्हणून तर मधले काही दिवस गाडी शहाण्यासारखी वागायची आणि गॅरेजात नेली की हटकून थंड. टोला देऊन चालू झालेल्या मोटरवर कुणी प्रवास करू नये; तो फक्त निदानासाठी. मोटर बदलायचीच.

पट्ट्यावरच्या पंख्याचं दुखणं वेगळं. पट्टा सैल असेल तर कमी फेऱ्यांवर तो घसरतो, त्याची चीं-चीं ऐकू येते. बऱ्याच जुन्या मोठ्या गाड्यांत पंख्याच्या मध्यभागी एक डबी असते, तिच्यात सिलिकॉनचं घट्ट तेल. गार असताना ती पंख्याला सैल सोडते, रेडिएटरकडून गरम हवा आली की तेल मधे येऊन पंख्याला पकडते. तेल गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण त्यात जोर नसतो. फसवणारा दोष आहे हा, कारण बघणारा म्हणतो, 'फिरतोय की!' परीक्षा सोपी आहे. गाडी चांगली गरम करून इंजिन बंद करायचं, चावी काढायची आणि पंख्याचं पातं हातानं ढकलायचं. त्यानं अंग चोरलं पाहिजे. भिंगरीसारखा दोन-तीन गिरक्या घेत गेला तर डबी संपली. विजेच्या पंख्याची मात्र ही परीक्षा घेऊ नका. तो चावी काढल्यावरही गरम इंजिनात आपला आपण सुरू होऊ शकतो, बोटं जातात. उघड्या बोनेटवर वाकताना उपरणं, ओढणी, पदर आवरून घ्यावा तो याचसाठी.

आणि एक विनोदी दोष: पंख्याच्या दोन वायरी कुणी उलट्या जोडल्या तर तो उलटा फिरतो, हवा मागे खेचण्याऐवजी पुढे ढकलतो. रस्त्यावर धावताना समोरचा वारा आणि हा पंखा यांची झटापट लागते. जाळीसमोर कागद धरून बघावा. तो जाळीला चिकटायला हवा.

पंख्याचा निकाल लागल्यावरही मिस्त्री थांबला नाही. त्यानं एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत बॅटरी मारली. आतमध्ये उसाचं पाचट, कापसाची रूई, किडे आणि त्यावर धुळीचा लेप, असा एक नमदा बसला होता. बाहेरून बघताना पुढची जाळी स्वच्छ दिसते. घाण अडकते ती दोन जाळ्यांच्या मधे. साखर हंगाम आणि कापूस वेचणी या दोन्हींच्या पट्ट्यातून रोज फिरणाऱ्या गाडीला हे होणारच. वर्षातून एकदा, हंगाम उतरल्यावर, ही फट साफ करून घ्यावी. पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढच्या दिशेला मारायचं, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं परत जातो. धार मात्र मऊ हवी. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आडव्या पडतात आणि धूळ निघून वाराच कायमचा बंद होतो. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडंही आहे ना ते बघावं. ते तुटलं म्हणून फेकून दिलेलं असेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढायचं सोडून कडेची मोकळी हवाच घुसळत बसतो.

म्हणजे पाण्याचा काहीच दोष नसतो का? असतो, पण तो स्वतःची वेळ सांगून येतो. गाडी गावात ठीक आणि हायवेला किंवा चढाला तापते, असं असेल तर पाण्याकडे बघायचं. तेव्हा वारा भरपूर असतो, उष्णता मात्र सात गिझरची असते, आणि अर्ध्या बुजलेल्या रेडिएटरला ती झेपत नाही. आपल्याकडे रेडिएटर बुजतो तो बहुतेक बोअरच्या पाण्यानं. ज्या पाण्यानं हंड्याच्या काठाला पांढरा खार धरतो, गिझरची कॉइल दोन वर्षांत मरते, तेच पाणी आपण बिनदिक्कत इंजिनात ओततो. खाराचा थर उष्णता अडवतो आणि बारीक नळ्या बंद करतो. हळू आणि जोरात, दोन्ही वेळा तापणारी गाडी असेल तर आधी पाण्याची पातळी, मग गळती, मग रेडिएटर, मग वॉटर बॉडी, असा क्रम.

कूलंटबद्दल एक गैरसमज आहे. ते पाण्यापेक्षा जास्त थंड करतं असं लोक समजतात. नुसतं पाणी उष्णता वाहून न्यायला कूलंटच्या मिश्रणापेक्षा खरं तर सरस आहे. कूलंट घालायचं ते दुसऱ्या गुणांसाठी: ते गंज आणि खार धरू देत नाही, वॉटर बॉडीचं सील सांभाळतं आणि उत्कलनबिंदू वर नेतं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी असेल आणि झाकण चांगलं असेल, तर ते साधारण १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात झाकणाचा वाटा मोठा आहे. कुकरच्या शिट्टीसारखं ते आत दाब धरून ठेवतं. त्याचं रबर कडक होऊन दाब निसटू लागला की तेच पाणी वीसेक अंश आधी, १०७ च्या आसपास उकळतं. काही शे रुपयांच्या झाकणाकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. ते पहिल्यांदा बदलून बघायला काय हरकत आहे? हेच झाकण गरम गाडीवर कधीही उघडायचं नाही. दाब सुटताक्षणी आतलं सगळं पाणी एकदम उकळी फुटून तोंडावर येतं. कुकरचं झाकण वाफेवर उघडू नये हे ज्या घरात पोराबाळांना माहीत असतं, त्याच घरातला कर्ता माणूस रेडिएटरवर फडकं टाकून झाकण फिरवतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. कूलंटमधला ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतो. उरलेलं कूलंट थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका, अंगणात ओतू नका. कुत्री चाटतात, पोरं तोंड लावतात.

थर्मोस्टॅटचा बळी हा आपल्या गॅरेजांचा आवडता उपचार. गाडी तापली की 'थर्मोस्टॅट काढून टाकतो, झंझट नको.' हा मेणाच्या गोळीवर चालणारा साधा दरवाजा आहे. ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडते. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी नक्की तापते, पण मग ती सगळीकडेच तापते, फक्त ट्रॅक्टरमागे नाही. तो काढून टाकला तर इंजिन नेमक्या तापमानाला पोचतच नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आडवाटेनंच फिरत राहून गाडी उलट जास्त तापते. बिघडला तर बदलावा. काढून फेकणं हा उपाय नव्हे.

सगळ्यात महागडं दुखणं हेड गॅसकेटचं. पाण्याच्या बाटलीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, ऑइलला चहाच्या सायीसारखा रंग, सकाळी गार गाडी सुरू केल्या केल्या दगडासारखा कडक होणारा वरचा होज पाइप, यातलं काही दिसलं तर पंखा तपासत बसू नये. पण लक्षात घ्या, हे दुखणं पुष्कळदा स्वतः आलेलं नसतं, आपण आणलेलं असतं. हेड ॲल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असेल तर उष्णतेनं ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुगतं. काटा लालमध्ये असताना 'आता तेलगाव आलंच' म्हणून रेटलेल्या चार किलोमीटरांत हेड वाकडं होतं, मग ते फेसिंगला जातं, आणि पंख्याच्या मोटरच्या कित्येक पट बिल होतं.

तेव्हा रस्त्यात काटा चढू लागला तर काय करावं? एसी बंद. काचा खाली. आणि हिटर पूर्ण चालू, त्याच्या पंख्यासकट. चाळीस अंशांत हिटर लावायचा म्हणजे अघोरी वाटतं, पण हिटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे आणि त्याचा पंखा वेगळा असतो. घाम येईल, इंजिन वाचेल. पुढच्या वाहनापासून अंतर ठेवा, त्याचा धूर तुमच्या जाळीत जातो. पट्ट्यावरचा पंखा असलेल्या गाडीत न्यूट्रलवर ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरला तर पंखा आणि वॉटर बॉडी दोन्ही जोरात फिरतात. काटा लालला टेकला किंवा वाफ दिसली की मात्र हे सगळं सोडून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. काटा वर जाऊन एकाएकी खाली पडला तर हुरळून जाऊ नका. पाणीच संपलं आणि सेन्सर कोरडा पडला की तो खोटं बोलतो. अर्धा-पाऊण तास थांबा. तापल्या इंजिनावर किंवा रेडिएटरवर गार पाणी ओतू नका, तडा जातो. पाणी भरल्यावर आत हवा अडकू नये म्हणून गाडीचं नाक चढाकडे करून, हिटर उघडा ठेवून, झाकणाशिवाय थोडा वेळ इंजिन चालू द्यावं, बुडबुडे थांबेपर्यंत.

घाटात हे दुखणं दुप्पट जोरानं येतं. धारूरच्या घाटात भरलेल्या ट्रॉलीच्या मागे असा, नाहीतर सलग सुट्ट्यांना बोरघाटाच्या रांगेत. चढ असल्यानं उष्णता हायवेची आणि रांग असल्यानं वारा बाजारातल्या गल्लीचा. तिथं रस्त्याकडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघून लोक कंपनीला नावं ठेवतात. माझा अंदाज असा की त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा पंखा सपाटीवर असतानाच मेलेला असतो. घाट फक्त ते जाहीर करतो.

दुचाकीवाल्यांसाठी दोन वाक्यं. मोटारसायकलच्या उघड्या इंजिनाला धावणं हाच पंखा, म्हणून ती जाममध्ये बंद करून ठेवलेली बरी. स्कूटरचं इंजिन पत्र्या-प्लॅस्टिकाखाली झाकलेलं असतं म्हणून तिला इंजिनावरच पंखा दिलेला असतो, तो झाकणाऱ्या पट्ट्या तुटू देऊ नका.

दिंद्रुडला मोटर मिळाली नाही. ती दुसऱ्या दिवशी माजलगावहून आली आणि तासाभरात बसली. मिस्त्रीनं मजुरी सांगितली ती आधीच्या तीन बिलांपैकी सगळ्यात लहान बिलाच्याही निम्मी होती. पाचटाचा नमदा त्यानं मला कागदात गुंडाळून दिला.

तुमची गाडी आज रस्त्यावर ठीक चालत असेल. तरी उद्या कुठं उभी असताना इंजिन चालू ठेवून एसी लावा, काच खाली करा, आणि बोनेटखालून पंखा सुरू झाल्याचा आवाज येतो का तो ऐका. दोन मिनिटांत आला नाही तर कूलंटची बाटली विकत घेऊ नका, पंखा बघून घ्या.